शनिग्रहास अनावृत पत्र

प्रति,
श्री. शनी,
सूर्यमालेतील सहावा ग्रह,
हल्ली मुक्काम मीन रास (निरयन गणनेनुसार)

विषय : आपल्या खात्यावर जमा होत असलेल्या मानवी अपयशाबाबत.

महोदय,

सूर्यापासून सरासरी सुमारे १४३ कोटी किलोमीटर अंतरावरून, कोणाच्या अध्यात ना मध्यात न पडता, आपले भ्रमण चालू असते, ही गोष्ट खगोलशास्त्रास मान्य आहे. तथापि बारावीला कमी पडलेले गुण, मोडलेली सोयरीक, रखडलेली बढती, बुडालेली उधारी आणि भाडेकरूने न सोडलेली खोली ही सर्व प्रकरणे महाराष्ट्रात घरोघरी आपल्याच नावावर मांडली जातात, आणि आपल्या वतीने आजवर कोणी कैफियत दाखल केल्याचे आढळत नसल्यामुळे हे पत्र जाहीरपणे पाठविण्यात येत आहे.

ज्या कल्पनेच्या आधारे हा आरोप ठेवला जातो तिला साडेसाती म्हणतात. जन्मवेळी चंद्र ज्या राशीत असतो ती त्या व्यक्तीची जन्मरास. तिच्या मागील राशीत आपण पाऊल ठेवल्यापासून तिच्या पुढील राशीतून बाहेर पडेपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती होय. राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास आपणास साधारण साडेएकोणतीस वर्षे लागतात, त्यामुळे एका राशीत सुमारे अडीच वर्षे आणि तीन राशींत मिळून साडेसात वर्षे, असा हा सरळ हिशेब आहे. २९ मार्च २०२५ रोजी आपण मीन राशीत प्रवेश केल्यामुळे सध्या कुंभ, मीन आणि मेष या राशींची मंडळी साडेसातीत आहेत. शिवाय जन्मराशीपासून चौथ्या व आठव्या राशीत आपण असता जी अडीच वर्षांची लहान पीडा सांगितली जाते, म्हणजे अडीचकी किंवा छोटी पनवती, तिच्या तावडीत धनु आणि सिंह या राशी सापडल्या आहेत.

बारांपैकी तीन राशी म्हणजे चौथा हिस्सा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख भरली. तेवढीच धरली तरी ढोबळमानाने पावणेतीन कोटींहून अधिक माणसे कोणत्याही दिवशी साडेसातीत असतात, आणि अडीचकीतली मंडळी मिळविली तर हा आकडा साडेचार कोटींच्या पुढे जातो. एवढ्या मोठ्या समुदायात रोज कोणाची तरी नोकरी जाणार, कोणाचा तरी पाय मोडणार आणि कोणाची तरी भावकी कोर्टात उभी राहणार, हे ठरलेलेच असल्यामुळे फिर्यादी पक्षाला साक्षीदार शोधण्याचे श्रम कधीच पडत नाहीत. सलग साडेसात वर्षांत काहीही वाईट घडले नाही असे घर दाखविणे अवघड आहे. पण उरलेल्या बावीस वर्षांत जे वाईट घडते त्याची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही, आणि साडेसातीतच मुलगी डॉक्टर झाली किंवा स्वतःचे घर झाले, तर ‘शनी जसा घेतो तसा देतोही’ असे म्हणून तीही नोंद आपल्याच पानावर चढते. मनात आधी ठरलेल्या मताला जुळेल तेवढे टिपायचे आणि न जुळणारे विसरायचे, या प्रवृत्तीस मानसशास्त्रात पुष्टीकरणाचा पूर्वग्रह असे नाव असून, तिच्यासमोर कोणताही आरोपी निर्दोष सुटू शकत नाही.

आपला पत्ता तरी एकमताने ठरलेला असावा, अशी अपेक्षा वावगी ठरू नये. पण तेथेही घोळ आहे. राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कोठून मोजायचा याबद्दल पंचांगकर्त्यांत चित्रापक्ष आणि रैवतपक्ष असे दोन पक्ष असून, महाराष्ट्रातील बहुसंख्य पंचांगे पहिल्या पक्षाची, तर लोकमान्यांच्या नावाने चालणारे टिळक पंचांग दुसऱ्या पक्षाचे आहे. या दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते, आणि आपण वर्षाला साधारण बारा अंश सरकता हे लक्षात घेतल्यास एका पंचांगातून दुसऱ्या पंचांगात गेल्याने साडेसातीची तारीख सरासरी चार महिन्यांनी हलते. पीडा एवढी दारुण असताना तिच्यातून चार महिने आधी सुटण्याचा हा बिनखर्ची उपाय कोणीच कसा सुचवीत नाही, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

खर्चाचे उपाय मात्र मुबलक आहेत. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर पाटावर मांडलेल्या दुकानात तेलाच्या वाट्या, काळ्या उडदांच्या पुड्या, खडेमीठ आणि रुईच्या पानांच्या माळा हारीने लावलेल्या असतात. सकाळी कामावर जाणारा माणूस चपला न काढता खिशातले सुटे पैसे काढतो, मग चपला काढतो, तेल ओततो आणि बोटाचा तेलकटपणा खांबाला पुसून बसथांब्याकडे धावतो. या व्यवहारात कोणाची मोठी लूट होत नाही, आणि विक्रेत्या बाईचा संसार त्यावर चालतो, त्यामुळे त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. नीलम या रत्नाची गोष्ट निराळी आहे. ते उशाखाली ठेवून तीन रात्री कोणती स्वप्ने पडतात हे पाहावे आणि मगच बोटात घालावे, असे सांगण्याची रीत असून, स्वप्न चांगले पडले की ज्या रकमेचा व्यवहार होतो तीत पुष्कळदा खरी साडेसाती सुरू होते. आपल्याभोवतीची कडी मुख्यतः बर्फाच्या तुकड्यांची असल्याचे विज्ञानाने दाखवून दिले आहे, आणि आपल्यावरचा उतारा म्हणून विकले जाणारे कडे मात्र काळ्या घोड्याच्या नालेचे लागते, हीदेखील नोंद घेण्यासारखी बाब आहे.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात तर आपली नेमणूक अगदी उलट पदावर झालेली आहे. इतरत्र जो घर बुडविणारा, तोच तेथे घर राखणारा मानला जातो. आपल्या भरवशावर घरांना दारे न लावण्याची तेथील प्रथा प्रसिद्ध असून, २०११ मध्ये एका बँकेने तेथे कुलूप नसलेली शाखाही उघडली. एकाच अधिकाऱ्याकडे आरोपीचे आणि पहारेकऱ्याचे अशी दोन्ही पदे असणे कोणत्याही सेवानियमांत बसत नाही.

आपली बाजू तपासण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने, नरेंद्र दाभोलकर व संख्याशास्त्रज्ञ यांच्या सहभागाने, फलज्योतिषाची एक चाचणी घेण्यात आली. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या एकत्र करून, कोणती कुंडली कोणत्या गटातील हे ओळखण्याचे आवाहन ज्योतिषांना करण्यात आले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली आणि त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण सुमारे ४६ टक्के भरले. नाणे उडवून उत्तर दिले असते तर पन्नास टक्क्यांच्या आसपास यश मिळाले असते. या निकालानंतर कुंडल्या जुळविणे कोठे थांबल्याचे दिसत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर केवळ भीतीत शोधले जाते, आणि तेथेच पुष्कळ सुधारकांची गफलत होते. दिवाणी दाव्याला शेवटची तारीख नसते, बेरोजगारीला नसते, कर्जालाही असून नसल्यासारखी असते. साडेसाती मात्र कधी संपणार हे पंचांगात छापलेले असते. शिवाय तिच्यात कोणाचाच दोष नसतो: मुलाने अभ्यास केला नाही, काकाने जमीन लाटली किंवा साहेबाने अहवाल बिघडविला, असे तोंडावर म्हणण्यापेक्षा ‘सध्या दिवस बरे नाहीत’ असे म्हटले की घरातले बोलणे सुरू राहते. गांजलेल्या माणसाला मुदत आणि भांडणातून सुटका या दोन्ही गोष्टी एकाच वेळी देणारी दुसरी व्यवस्था समाजाने उभी केलेली नाही. ती उभी राहीपर्यंत आपणास बदनामीतून मोकळे करणे कोणालाही परवडणारे नाही, हे आपण समजून घ्यावे.

छापील मुदतीबाबत मात्र एक खुलासा आवश्यक आहे. पृथ्वी आपल्या आतल्या कक्षेतून अधिक वेगाने पुढे जाते, तेव्हा धावत्या एस.टी.तून वाटेवरची बैलगाडी मागे सरकताना दिसावी तसे आपण काही महिने उलटे जाताना दिसता, आणि यालाच वक्री होणे म्हणतात. त्यामुळे कुंभ राशीच्या मंडळींनी जून २०२७ मध्ये, आपण मेषेत गेल्याचे वाचून, पेढे वाटण्याची घाई करू नये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आपण वक्री गतीने मीनेत परतणार असून, त्यांची सुटका फेब्रुवारी २०२८ पर्यंत लांबणीवर पडली आहे.

कळावे,
साडेसातीत असलेले, नसलेले आणि लवकरच येणारे समस्त नागरिक