शेरा : समाधानकारक

सकाळी सातला आमच्या गल्लीत दोन आवाज होतात. एक दूधवाल्याच्या मोटारसायकलचा, दुसरा काकाजींच्या गाडीचा. दुसरा बरोबर पाच मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी जागची तसूभर हलत नाही.

काकाजी आयुष्यभर सरकारी हिशेब लिहून निवृत्त झाले आणि २०१९ साली त्यांनी पांढरी गाडी घेतली. एमएच २८ची पाटी, खाली लिंबू-मिरची, वरून चंदेरी कव्हर. घेतली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "गाडी हिंडायला नाही, वेळप्रसंगाला आहे." आमच्या बुलढाण्याला रेल्वे नाही. आगगाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावं लागतं. तेव्हा वेळप्रसंग आज ना उद्या येणारच, हे कोणाला खोडता आलं नाही. पण महाराजांच्या दर्शनाला शेगावला काकाजी जातात एसटीने. एक तर अर्धं तिकीट, दुसरं म्हणजे, "घाटाखालचं ऊन पाहिलं का? बॅटरीचा जीव जाईल." म्हणजे गाडी घाटावर सावलीत आणि काकाजी मे महिन्यात खामगावच्या स्टँडवर.

हा पाच मिनिटांचा नेम लागला २०२० मध्ये. टाळेबंदीत सगळ्यांच्याच गाड्या दारात उभ्या. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी अधूनमधून चालू करत जा, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. पुढे सरकारने टाळेबंदी उठवली. काकाजींनी उठवली नाही.

हा विधी एकदा जवळून बघण्यासारखा आहे. आधी बोनेटवरच्या मांजराला हलकेच उठवतात. मग कव्हर काढून पैठणीसारखं चौघडी करतात. गाडी चालू करतात, मनगटावरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजतात, बंद करतात. लगेच बोनेट उघडून मीटरची लाल पिन प्लसला, काळी मायनसला. चष्मा कपाळावर. आकडा वाचून जुन्या खतावणीत नोंद : तारीख, व्होल्ट, हवामान, शेरा. आकडा बहुतेक १२.९ आणि शेरा 'समाधानकारक'. महिन्यातून एकदा टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुतात, वरून व्हॅसलीन चोपडतात. हे सगळं झालं की मांजर जागेवर येतं. आता बोनेट ऊबदार असतं. या साऱ्या खटाटोपाचा निर्विवाद फायदा झालेला तेवढाच एक जीव.

कारण बॅटरी वर्ष-दीड वर्षात बसायचीच. तिसऱ्यांदा बसली तेव्हा आमच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. "काकाजी, तुमी खात्यातून रोज शंभर काढता अन् वीस भरता. मंग खातं कसं राहीन?"

मी तिथेच उभा होतो. पोरगा खरं तेच सांगत होता. गाडी चालू करताना स्टार्टर एका झटक्यात शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, आणि उभ्या गाडीत पाच मिनिटं भुरभुर करून बॅटरी पुरती भरत नाही. वर गाडी कुलपात असली तरी घड्याळ, रिमोटचं कुलूप, आतला कॉम्प्युटर मिळून तीस-चाळीस मिलिअँपिअर खातच असतात. दिवसाकाठी जवळपास एक अँपिअर-तास, आणि बॅटरी सगळी पस्तीसची. अर्धीमुर्धी उतरून तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. मग चार्जिंगला लावूनही ती पहिल्यासारखी होत नाही. गाडी बंद केल्याबरोबर घेतलेला आकडा तर नुसता वरवरचा फेस. रात्रभर थांबून सकाळी, चालू करण्याआधी मोजा : १२.६ असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी गेली.

"आठवड्यातून एक डाव चिखलीलोक जाऊन या," पोरगा म्हणाला. "नाय तं दहा नंबरचा पाना घ्या अन् मायनसची वायर काढून ठेवा."

पहिला उपाय काकाजींनी ऐकलाच नाही. दुसरा केला. एकच दिवस. वायर परत लावली तेव्हा डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजवून लुकलुकत होतं. ते लावायला त्यांना पाऊण तास आणि शेजारचा शाळकरी मुलगा लागला. "गाडी बंद असली तरी चालेल, चुकीची वेळ दाखवलेली मला चालायची नाही," असं म्हणून वायर कायमची लागली. मायनस राहो, प्लस राहो, घड्याळ बरोबर पाहिजे! स्वतः मात्र ते 'बसून सांधे धरतात' म्हणून रोज पाच किलोमीटर चालतात. अर्थात गाडीच्या अंगावरून.

आणि मागच्या पावसाळ्यात वेळप्रसंग आला. मुलगी रात्रीच्या गाडीने मलकापूरला उतरणार होती. काकूंनी डबा, पाणी, छत्री घेऊन पुढची सीट धरली. काकाजींनी देवाला हात जोडले, किल्ली फिरवली.

टिक.

पुन्हा फिरवली. टिक. डॅशबोर्डचे दिवे मंदावले. घड्याळ तेवढं बिनचूक होतं, आठ वाजून दहा मिनिटं.

गल्ली जमली. आम्ही पाच जणांनी चिखलात पाय रोवले. "दुसरा गिअर टाका, क्लच दाबून धरा, हो म्हटलं की सोडा!" काकाजींनी पहिल्यांदा 'हो' म्हणायच्या आधीच सोडला आणि मी डिकीवर आपटलो. दुसऱ्या वेळी उतार लागला, गाडीने गचका खाल्ला, खोकली आणि लागली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी काच खाली करून सगळ्यांना परत आल्यावर चहाचं आमंत्रण दिलं. "आता बंद करू नका हां, काकाजी," मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू गेलं असावं असं मला तेव्हा वाटलं.

आम्ही नळावर पाय धुवत होतो. गल्लीच्या टोकाला गाडी थांबलेली दिसली. काही विसरलं असेल म्हणून घरात शिरलो.

नऊच्या सुमारास काकू पायी परत आल्या, डबा, पाणी, छत्रीसकट. मुलीने मलकापूरहून दुसरी गाडी केली होती. आम्ही चौघं बॅटरी घेऊन (हातातली, सेलची) टोकाला गेलो. बोनेट उघडं होतं. काकाजी मोबाइलच्या उजेडात खतावणीवर वाकले होते.

"पाच मिनिटं पूर्ण झाली होती," ते म्हणाले, आणि वही माझ्यापुढे धरली. वेळ ८.२५. व्होल्ट १२.९. हवामान पाऊस. शेऱ्याच्या रकान्यातली शाई अजून ओली होती.