कपाटात कोंडलेली किल्ली

पडद्यावर टक्के चढत जातात. दहा, वीस, पस्तीस. मग यंत्र एकदा बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि विंडोज सांगते, की रिसेट करताना अडचण आली, काहीही बदललेलं नाही. काय अडलं, का अडलं, आता काय करायचं, यातलं अक्षरही नाही. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायचा असलेली मुलगी किंवा महिनाअखेरीचा हिशेब करणारा दुकानदार त्या पडद्याकडे बघत बसतो. शेवटचा उपाय म्हणून जे बटण दाबलं, तेच हरलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे बटण वाईट नाही, पण त्याच्यावर विसंबणं चूक आहे. आणि ही चूक आपल्याला शिकवली गेली आहे.

पूर्वी संगणकाच्या खोक्यात एक सीडी यायची. यंत्र बिघडलं की ती घालायची आणि विंडोज पुन्हा टाकायची. पुढे कंपन्यांनी सीडी बंद केली आणि तोच मालमसाला हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात, रिकव्हरी पार्टिशनमध्ये ठेवला. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि तिच्याबरोबर रिसेटची सोय. ऐकायला छान, पण आजार आणि औषध एकाच डिस्कवर! डिस्क झिजली तर दोन्ही जातात. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार लोटून घेतल्यासारखं हे आहे.

शिवाय साधा रिसेट नवी विंडोज आणत नाही. यंत्रात आहेत त्याच फायलींमधून तो ती पुन्हा उभी करतो. त्या फायलीच किडलेल्या असतील तर घर कशाचं बांधणार? २०२० पासून विंडोज इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा पर्यायही आहे. तो चांगला आहे, पण त्याला चार जीबीच्या आसपास डेटा लागतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बसलेल्या घरात हे गणित कसं जुळायचं?

आता बनवणाऱ्याचीच कामगिरी पाहा. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या रिकव्हरीतली एक त्रुटी बुजवणारा अपडेट पाठवला. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य संगणकांत ती नव्हतीच, कारण ते पार्टिशन मुळात लहान पाडलेलं होतं. उपाय म्हणून ग्राहकाला सांगितलं गेलं, की कमांड टाइप करून पार्टिशन स्वतः वाढवा. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा अपडेटने विंडोज १० आणि विंडोज ११ च्या काही आवृत्त्यांवर रिसेटच मोडला. दुरुस्ती आली १९ ऑगस्टला. ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ च्या रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. म्हणजे दार दिसतंय, पण कडी काढायला हात नाही. ती दुरुस्ती २० ऑक्टोबरला आली. दोन वर्षांच्या आत तीन वेळा. ज्या दोरावर लोक जीव टांगतात, तो विणताना इतकी हयगय चालणार नाही.

तर करायचं काय? सुटकेची वाट यंत्राच्या बाहेर ठेवायची. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून रिकामाच घ्या. चालू असलेल्या कुठल्याही विंडोज संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा. ते फुकट आहे. पुढचं काम तेच करतं. रिसेट हरला तरी हा पेनड्राइव्ह सहसा हरत नाही, कारण तो आतल्या किडलेल्या फायलींना विचारतच नाही.

विंडोज कशीबशी का होईना सुरू होत असेल, तर आधी ती चालू असतानाच पेनड्राइव्हमधलं सेटअप चालवा आणि फायली व ॲप ठेवण्याचा पर्याय निवडा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागतं आणि घरातली एक वस्तू हलत नाही. सुरूच होत नसेल तर यंत्र चालू करताना बूट मेनूची कळ दाबा आणि पेनड्राइव्ह निवडा. कुठे ती कळ एफ १२ असते, कुठे एफ ९, कुठे एस्केप. प्रॉडक्ट की मागितली तर घाबरू नका, ‘की नाही’ म्हणून पुढे जा. कारखान्यातून विंडोजसह आलेल्या यंत्राचा परवाना त्याच्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. होमच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो टाकलंत, तर इंटरनेट मिळताच तो आपोआप लागू होतो. म्हणूनच कुणी क्रॅक केलेली विंडोज टाकून देतो म्हणाला तर ठाम नकार द्या. ज्या वस्तूचे पैसे तुम्ही आधीच मोजलेत, तिची चोरीची प्रत घरात कशाला हवी?

कधी सेटअपमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसते. डिस्क मेली, असा निकाल लगेच लावू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेटअपला स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून तो आधीच त्याच पेनड्राइव्हवर ठेवा. वायफायचा ड्रायव्हरही ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉरमॅट मारण्याआधी थांबा. दुरुस्तीच्या दुकानात पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ पहिला प्रश्न असायला हवा, ‘आत काय आहे?’ आत वारलेल्या आजीचे फोटो असतात, शेताच्या कागदांचे स्कॅन असतात, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध असतो. विंडोज पुन्हा मिळते, हे मिळत नाही. यंत्र सुरू होत नसलं तरी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ते चालवून फायली बाहेर काढता येतात. मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलं की अनेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागतं. की त्या खात्यात जमा होते. खात्यात शिरता येत नसेल आणि की लिहून ठेवली नसेल, तर जगातला कुठलाही मेकॅनिक ते कुलूप उघडू शकत नाही.

कंपन्यांनी प्रत्येक संगणकाच्या खोक्यात असा पेनड्राइव्ह द्यायला हवा. हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे, आणि खरेदी करताना आपण तो मागायला हवा.

पण ते होईपर्यंत थांबू नका. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय इथे फार महागात पडते, कारण बिघडलेला संगणक स्वतःच्या दुरुस्तीचा पेनड्राइव्ह बनवून देऊ शकत नाही. या रविवारी, यंत्र धडधाकट आहे तोवर, एक तास काढा. पेनड्राइव्ह तयार करा, फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, ते ४८ अंक कागदावर लिहा आणि तो कागद घराच्या दस्तऐवजांत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.