कुत्र्याच्या एकादशीची थोरवी

कुत्र्याला काय घालावं हा प्रश्न ज्या घराला अजून पडलेला नाही, त्या घराची मला कीव येते. मारेगावात अशी घरं अजून पुष्कळ आहेत. रात्रीची जेवणं आटोपली की टोपल्यातली शिळी भाकर कुस्करायची, तिच्यावर ताक नाहीतर वरणाचं पाणी ओतायचं आणि अंगणातल्या फुटक्या घमेल्यात टाकून मोकळं व्हायचं. "काऊन गा, कुत्र्याले काय देतं?" म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "उरते ते." एवढ्या गहन विषयाचा दोन शब्दांत निकाल! अशा गावात वैचारिक चळवळ उभी राहायची कशी?

सुदैवाने वणी रोडकडच्या लेआउटवर ती उभी राहिली आहे. तिथे आधी फाटकं आली, फाटकांआड लॅब्राडोर आले, लॅब्राडोरमागून खाद्याच्या पिशव्या आल्या आणि पिशव्यांमागून पंथ. एक मांसपंथ, दुसरा धान्यपंथ. दोन्ही पंथांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे.

मांसपंथाचं म्हणणं असं, की कुत्रा मुळात लांडगा आहे आणि लांडग्याला भाकर घालणं हा त्याच्या कुळाचा अपमान आहे. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा हा लांडगा कूलरपुढे चारी पाय पसरून पडलेला असतो आणि भिंतीवर पाल दिसली तर मालकिणीमागे दडतो. पण कूळ ते कूळ. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या मंडळींनी 2013 साली 'नेचर'मध्ये निबंध छापून या कुळाचाराला धक्का द्यायचा प्रयत्न केला. 12 लांडगे आणि 60 कुत्रे यांची जनुकं त्यांनी ताडून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज ज्या जनुकापासून बनतं, त्याच्या लांडग्यांत 2 प्रती निघाल्या आणि कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर हजारो वर्षं काढून कुत्र्याने भाकर पचवायची सोय अंगातच करून घेतली, असा त्याचा अर्थ. पण पुराव्याने डळमळेल ती श्रद्धा कसली? पिशवीवर लांडग्याचा फोटो आहे. त्या निबंधाला मिशीसुद्धा नाही.

पिशवीची मागची बाजू मात्र श्रद्धावंताने वाचू नये. पुढे कोंबडीची तंगडी चमकत असते. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत बऱ्याच स्वस्त पिशव्यांवर पहिला मान 'धान्य व धान्याचे उपपदार्थ' यांचा असतो, कोंबडी त्यांच्या पाठीमागून येते. ही रीत आजची नाही. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ विजेपासून घर वाचवणाऱ्या सळया विकायला इंग्लंडात गेला आणि 1860 च्या सुमारास त्याने लंडनमध्ये कुत्र्यांचं बिस्किट काढलं. त्यात गहू, बीट, भाजीपाला आणि गोमांसाचा अंश. नावात मात्र 'मीट' ठसठशीत.

खरी भक्ती पाहायची असेल तर 'ग्रेन फ्री' पिशवीवाल्याची पाहावी. आपल्या आज्या एकादशीला धान्य वर्ज्य करायच्या ते एका दिवसापुरतं; याचा कुत्रा बारमाही एकादशी धरतो. वर आजीच्या उपासाला न चालणारे वाटाणा, मसूर आणि हरभरा याच्या उपासाला चालतात, कारण धान्याच्या जागी पिशवीत सहसा तेच भरलेले असतात. हरभरा मालकाच्या वावरातही पिकतो. 2025-26 च्या खरेदी हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला 5,650 रुपये, म्हणजे किलोला साडेछप्पन, तेही मिळाले तर. तोच हरभरा दळून, गोळ्या होऊन, चकचकीत पिशवीतून परत आला की मालक शेकड्यांत मोजतो आणि घासाघीस करत नाही. शेतमालाचं मूल्यवर्धन व्हावं म्हणून इतक्या समित्या बसल्या; ते असं घरच्या घरी झालं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यात खोडा घातला. 2018 च्या जुलैत त्यांनी सांगितलं, की कुत्र्यांच्या हृदयाचा स्नायू ताणून कमजोर होण्याच्या आजाराचा अशा खाद्याशी काही संबंध आहे का, हे आम्ही तपासतो आहोत. 2019 च्या जूनपर्यंत 500 वर तक्रारी जमल्या आणि त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक खाद्यं धान्यविरहित निघाली. मग 2022 च्या डिसेंबरात त्यांनीच कबूल केलं, की हेच कारण असं म्हणायला हाती माहिती पुरेशी नाही. आमच्या मालकाने यातलं शेवटचं वाक्य तेवढं वाचलं. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तसा तो पिशवीला मिळाला.

धान्यपंथही काही मागे नाही. त्यांचा कुत्रा वरणभात नाहीतर ज्वारीची भाकर खातो, अंड्याचं नाव काढत नाही. ज्वारीत प्रथिनं शंभरात दहाच्या आसपास. मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या खाद्यात ती 18 तरी असावीत असा अमेरिकेतला दंडक आहे. गावातला कुत्रा ही तूट चिकन सेंटरच्या मागच्या बाजूला जाऊन भरून काढतो. फाटकाआडच्या सात्त्विक कुत्र्याला ती वाट बंद, म्हणून तो चपला खातो. फोडणीतला कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, हेही खरं. पण अशा घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद असतो. म्हणजे वर्षाचे चार महिने तरी जनावर सुरक्षित.

या शास्त्रार्थात नामदेव महाराजांचं अगदीच हसं होतं. कुत्रं भाकर घेऊन पळालं तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, अशी कथा आहे. ना जात विचारली, ना वजन, ना तुपातले उष्मांक.

पण मांसपंथाने खचून जाऊ नये. त्यांच्या बाजूने ठामपणे उभा असा एक जाणकार या भागात आहे, तो म्हणजे बिबट्या. कुत्र्याच्या खाण्यात धान्य असावं की नसावं यावर त्याचं काही मत नाही. आपल्या खाण्यात कुत्रा असावा, एवढंच तो जाणतो. रोही आणि रानडुकरं हाकलायला जागलीवर जाणारं भाकरीवरचं कुत्रं पाप्याचं पितर. ते कान टवकारून झोपतं आणि सुसाट पळतं. पिशवीवर वाढलेल्या लांडग्याला आधी उठून बसायलाच वेळ लागतो. बिबट्याच्या दृष्टीने पाहिलं तर लेआउटवाल्यांचा खर्च एक पैसाही वाया गेलेला नाही.