मामा, खंड्या आणि फुजैरा

मामांनी एकदा ओडिशात जाऊन चिलिका सरोवर पाहिलं. पक्षी, बेटं, मासळी, सगळं एका जागी! तेव्हापासून बाकीचं पाणी त्यांच्या लेखी डबकंच. मालवणहून दुबईला आमच्याकडे आले, तेही ‘हंयचा चिलिका’ दाखव म्हणत. म्हणून फुजैरा.

वाटेत मसाफीचा शुक्रवार बाजार लागतो. तो आठवड्याचे सातही दिवस भरतो. आम्ही गेलो रविवारी. “आमचो बाजार तरी सांगितल्या दिवशीच भरता,” मामा म्हणाले आणि एका गालिच्याला हात लावून किंमत ऐकताच गाडीत जाऊन बसले.

सात अमिरातींपैकी एकटं फुजैरा पूर्णपणे ओमानच्या आखातावर आहे. इराणच्या आखाताशी त्याचा संबंध नाही. जहाजांना इंधन भरून देणारं हे जगातलं एक बडं बंदर. क्षितिजावर टँकरच टँकर उभे. मामांनी ते डोळ्यांवर हात धरून न्याहाळले. “इतकी मोठी गलबतां, आणि म्हावरां खंय?”

शहरातून दक्षिणेला थोडं गेलं, की कळायच्या आत आपण शारजात शिरतो. कल्बा शारजाचं आहे. १९३६ साली इंग्रजांनी त्याला स्वतंत्र संस्थान म्हणून मान्यता दिली होती, पुढे पन्नाशीच्या दशकात ते पुन्हा शारजात गेलं. तिथल्या खोर कल्बाच्या खाडीत तिवरांचं राखीव रान आहे. बायकोने हातभर लांब लेन्स काढली. इथल्या खंड्याच्या उपजातीला शास्त्रज्ञांनी गावावरूनच ‘कल्बाएन्सिस’ नाव दिलंय, तो फार दुर्मीळ आहे, जरा हळू बोला, असं ती कुजबुजत होती.

“तिवरां बघूक इतक्या लांब इलंव?” मामा खणखणीत आवाजात म्हणाले. “माझ्या परड्यामागे काय कमी आसत?”

खंड्या होता की नव्हता, देव जाणे. असलाच तर उडाला. पण तो प्रामुख्याने खेकड्यांवर जगतो, हे कळताच मामांचा चेहरा एकदम मवाळ झाला. “कुर्ले खाता? मग शहाणो आसा.”

फुजैराच्या मासळीबाजारात मात्र मामांना कंठ फुटला. विक्रेता मल्याळी, मामा मालवणीत. दोघांनी कल्ले उघडून पाहिले, दोघांनी माना हलवल्या, आणि भाव ठरला. मला मध्ये बोलूही दिलं नाही. सुरमई बर्फात घालून आम्ही उत्तरेला अल अकाकडे निघालो.

तिथे किनाऱ्यालगत एकच बेट. कार्टूनमधला स्नूपी कुत्रा घराच्या छपरावर उताणा पडलाय, असा त्याचा आकार. म्हणून नाव स्नूपी आयलंड. मामांना कुत्रा दिसेना. आम्ही नाक दाखवलं, पोट दाखवलं. “हो खडक राजांच्या नजरेक पडलो असतो,” ते शेवटी म्हणाले, “तर हंयसर किल्लो उभो रवलो असतो.” सिंधुदुर्ग कुरटे बेटावर उभा आहे, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बेटाभोवती गोरी मंडळी चष्मे लावून, पाण्यात तोंड खुपसून तरंगत होती. काय करतात, मामांनी विचारलं. मासे बघतात, मी म्हटलं.

“आणि मगे?”

“मग काही नाही. परत येतात.”

मामा उठले, गाडीपाशी गेले आणि बर्फ वितळला नाही ना, ते पाहून आले.