प्रकृतीसाठी दोन पेग
मुंबईतल्या नव्या कॉकटेल बारमध्ये हल्ली कोकमाला धुरी देतात, जिनमध्ये कढीपत्ता मुरवतात. बर्फाचा ठोकळा काचेसारखा आरपार दिसतो. बिल आल्यावर पाकीटही. पण या सगळ्या नजाकतीवर छत्र आहे ते १९४९च्या दारूबंदी कायद्याचं. महाराष्ट्रात पिणाऱ्याला आजही परवाना लागतो आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी! म्हणजे शनिवारी रात्री लोअर परळला उसळते ती गर्दी चैनीची नव्हे, औषधोपचारांची. पंचविशीच्या आत व्हिस्की वर्ज्य. आमदारकीची आणि व्हिस्कीची पात्रता आपल्याकडे एकाच वयात येते, यात बहुधा काही दूरदृष्टी असावी.

गोव्यात एवढी प्रकृती कुणी जपत नाही. उन्हाळ्यात साध्या तावेर्नात, म्हणजे गुत्त्यात, काजूच्या हुर्राकमध्ये लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची पडते, झालं कॉकटेल. त्याला धूर नाही, कहाणी नाही, कारणही द्यावं लागत नाही. मला तेच जास्त लक्षात राहतं.

तरी मुंबईत बसणार असाल तर परवाना काढून ठेवा. रुग्णाची कागदपत्रं तरी पूर्ण असावीत.