कमी कटकटीचा कुत्रा

काही माणसं वस्तू विकत घेत नाहीत, तिची चौकशी करतात. त्यांच्या घरात फ्रिज येण्याआधी फ्रिजचा तक्ता येतो. पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं झालं तर सोसायटीतल्या बारा घरांत जाऊन ते बारा घरांचं पाणी पितात. अशा माणसाने कुत्रा पाळायचं मनावर घेतलं, की परिसरातल्या श्वानपालकांचे दिवस भरले म्हणून समजावं. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हे गृहस्थ राहतात. मी त्यांना मनातल्या मनात 'कमी कटकटवाले' म्हणतो. कोथरूडपासून हडपसरपर्यंत यांची बिरादरी पसरलेली आहे, तेव्हा तुमच्याही इमारतीत एखादे असतीलच.

कारण बहुतेक घरांत असतं तेच. आठवीतल्या मुलीला 'नव्वद टक्के मिळव, मग बघू' असं सांगितलेलं होतं. तिने ब्याण्णव मिळवले आणि 'बघू'ची मुदत संपली.

तेव्हापासून मी चिकूला घेऊन खाली उतरलो की हे जिन्यापाशी उभेच. चिकू आमचा देशी, गल्लीतला, पिवळट रंगाचा. इतर लोक कुत्रा दिसला की वाकतात किंवा पळतात. हे दोन्ही करत नाहीत. हात पाठीमागे बांधून, सेकंडहँड गाडीभोवती फिरावं तसे चिकूभोवती एक चक्कर मारतात आणि सुरू होतात. केस गळतात का? रोज की सीझनमध्ये? महिन्याला खाण्याचा खर्च किती? एकटा किती तास राहतो? आजारी पडतो का? पडल्यास कोणत्या वारी? हा शेवटचा प्रश्न मी पदरचा घातलाय, पण त्यांच्या तोंडी शोभला असता.

त्यांना हवा असलेला कुत्रा एकदा त्यांनी मला सविस्तर सांगितला. केस गळू नयेत. अंगाला वास येऊ नये. चोर आल्यावर भुंकावं, कुरिअरवाला आल्यावर भुंकू नये; दोघांतला फरक कुत्र्याने आपापल्या पातळीवर ओळखावा. फिरायला न्यावं लागलं तर रविवारी. घरातलं वरण-भात-तूप आनंदाने खावं. मे महिन्यात आठ दिवस कोकणात गेलो तर फ्लॅट राखावा. कुंड्यांना पाणी घातलं तर उत्तमच, पण तो त्यांचा आग्रह नव्हता.

"म्हणजे लो मेंटेनन्स," ते म्हणाले.

आता या अपेक्षांना दोष तरी किती द्यायचा? या पिढीचं श्वानविषयक शिक्षण झालंय पडद्यावर. 1994 साली 'हम आपके हैं कौन'मधल्या पांढऱ्याशुभ्र टफीने क्रिकेटच्या सामन्यात पंचगिरी केली आणि ऐन वेळी चिठ्ठी योग्य माणसाला पोहोचवून दोन घरांचे संसार मार्गी लावले. त्याला कुणी सकाळी सहाला खाली नेलेलं त्या तीन तासांत एकदाही दिसत नाही. पुढे 2003 च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग एका मुलामागे तुरुतुरु चालत राहिला आणि घराघरातल्या मुलांना पग हवा झाला. जाहिरात बघून कमी कटकटवाल्यांच्या तक्त्यातही पहिलं नाव पगचंच पडलं. आकार लहान, केस आखूड, चेहरा बिचारा.

तो चेहराच आडवा आला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. उकडलं की तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगचं नाक आतल्या आत दाबलेलं, त्यामुळे धाप टाकायलाही त्याला धाप लागते. पुण्याचा एप्रिल बाधू नये म्हणून पग बाळगणारे लोक दुपारभर एसी लावून ठेवतात, हे त्यांना तिसऱ्या मजल्यावरून कळलं. त्याच संध्याकाळी तक्त्यात 'विजेचं बिल' असा नवा रकाना आला आणि पग खाली घसरला.

मग लॅब्राडोर. सगळे म्हणतात, पहिलाच कुत्रा असेल तर लॅब घ्या, गरीब असतो. गरीब असतो हे खरं. पण केस असे गाळतो की काळी पँट ही गोष्ट घरातून हद्दपार करावी लागते, आणि खाण्याच्या बाबतीत त्याला पुरे हा शब्दच माहीत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली यामागचं एक कारणही दाखवलं: त्यांनी तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला होता. हे मी त्यांना सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या मेव्हण्याचं तसंच असणार." लॅब बाद.

हस्की एका रविवारपुरता आला. सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून गाड्या ओढायला तयार केलेलं जनावर. ते आमच्या दुसऱ्या मजल्यावर काय ओढणार? लिफ्टची वायर? शित्झूचे केस फारसे गळत नाहीत म्हणून मंडळी हुरळली होती. पण ते रोज विंचरावे लागतात, नाहीतर जटा होतात, असं कळल्यावर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हात कणकेचे तसेच. "हिच्या वेण्या घालायच्या आत्ता कुठे सुटल्यात," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. शित्झूही आत गेला, म्हणजे फाईलमध्ये.

बसेंजीची गोष्ट मात्र मी रंगवून सांगितली, हे कबूल. आफ्रिकेतल्या काँगोच्या बाजूचा हा कुत्रा भुंकत नाही. ऐकताच त्यांचे डोळे लकाकले. खिशातून पेन निघालं. "भुंकत नाही, पण गातो," मी म्हणालो. म्हणजे गळ्यातून एक लांबलचक, वर-खाली हेलकावणारा सूर काढतो. ते पेन तसंच हवेत राहिलं. "कुठल्या वेळेला?" मी म्हणालो, त्याच्या मर्जीला. त्यांनी विचार करून निकाल दिला की रात्री दहानंतरचं गाणं भुंकण्यातच धरावं लागेल. सोसायटीचा नियम तसा आहे. तो नियम त्यांनीच लिहिलेला होता. 'पाळीव प्राण्यांना लिफ्टमधून नेऊ नये' ही तळमजल्यावरची पाटीही त्यांच्याच हस्ताक्षरातली, अनुस्वार ठळक दिलेली.

देशाभिमानाचा मुद्दा त्यांनी स्वतःच काढला. मुधोळ हाउंड घेतला तर? विचार वाईट नव्हता. बागलकोटकडच्या मुधोळ संस्थानच्या घोरपड्यांनी जोपासलेली ही जात, 2005 साली टपाल तिकिटावरसुद्धा झळकली. केस आखूड, अंग सडसडीत, तब्येत खणखणीत. पण सशामागे सुसाट धावण्यासाठीच त्याचा जन्म. टू-बीएचकेमध्ये तो हॉल ते बाल्कनी हे अंतर किती सेकंदांत कापेल, आणि वाटेत टीव्ही कुठे असेल, याचा हिशेब त्यांनी टेपने मोजून केला. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

हे सगळं चालू असताना घरातल्या आजी गप्प होत्या, आणि आजी गप्प असणं हे कुठल्याही घरात सुचिन्ह नसतं. लोकांना वाटत होतं, विरोध तिथूनच येणार. दत्ताच्या पायाशी चार कुत्री चालतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, पण म्हणून कुणी त्याला देवघरात घेतं का? शेवटी त्यांनीच मला बोलावलं. "अरे, तो खातो काय?" मी आपलं माहितीखातर सांगून गेलो की काहीही द्या, पण कांदा-लसूण देऊ नका, कुत्र्याच्या रक्ताला ते बाधतं. आजींचा चेहरा पालटला. त्या घरात बारा महिने कांदा-लसूण न खाणारा त्यांच्याशिवाय दुसरा जीव नव्हता. "आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यात बेदाणे असतील तर तोही नको," मी म्हणालो. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडवू शकतात. "मग त्याच्यापुरता वेगळा काढून ठेवू की," आजी म्हणाल्या. मग त्यांनी मला पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट सांगितली, अशा थाटात, की नामदेव त्यांच्या माहेरचे.

आता तक्त्याबद्दल. एका रविवारी त्यांनी तो मला दाखवला. अकरा जाती, चौदा रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण, आणि खाली बेरीज. केसांची निगा, उन्हाळा सोसणं, आजारपण, खर्च, समजूत, सगळं होतं. मी बेरजेकडे बघितलं. पहिला आला होता देशी कुत्रा. चिकूचा भाऊबंद, गल्लीतला, रुपया न मोजता मिळणारा. दुसरा नंबर बराच खाली.

"अभिनंदन," मी म्हणालो.

"फॉर्म्युला कुठेतरी चुकलाय," ते म्हणाले.

फॉर्म्युला चुकला नव्हता. इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या निभावलेलं जनावर, आखूड केस, काटक अंग. लस, जंताचं औषध आणि पावसाळ्यात गोचिडांवर नजर हे त्यालाही लागतंच, पण नाक दाबलेलं नाही आणि जटाही होत नाहीत. हे त्यांना पटत होतं. पण पटणं वेगळं आणि साडूला सांगणं वेगळं. पुढच्या रविवारी तक्त्यात पंधरावा रकाना होता: 'व्यक्तिमत्त्व'. त्यात देशीला दहापैकी दोन. चिकू तेव्हा त्यांच्याच चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता.

डॉक्टरांकडे त्यांना मीच घेऊन गेलो. जनावरांच्या डॉक्टरांना अशा माणसांची सवय असते. ते आधी सगळं ऐकून घेतात. मग त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. दोन महिन्यांचं पिल्लू आणलंत तर जागेपणी दर दोन-एक तासांनी बाहेर न्यावं लागेल, रात्रीही एखाद-दोनदा उठावं लागेल. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लशी, वयाच्या तिसऱ्या महिन्याला रेबीजची, पुढे दर वर्षी. लशी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही. दात येताना चार्जरची वायर, चप्पल, टेबलाचा पाय यांत भेदभाव नाही. आणि ही सोयरीक बारा-चौदा वर्षांची. "कटकट खरंच कमी हवी असेल," डॉक्टर म्हणाले, "तर दोन-तीन वर्षांचा, सवयी लागलेला कुत्रा दत्तक घ्या. स्वभाव बघून घेता येतो. जातीपेक्षा तो जास्त कामाचा."

"म्हणजे सेकंडहँड?" कमी कटकटवाले म्हणाले.

डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला. ते एक मांजर होतं आणि ते आमच्याकडे ज्या नजरेने बघत होतं, त्यावरून त्याने सगळं ऐकलं असावं.

शेवटी आला बीगल. कारणं तक्त्यानुसार: चण लहान, केस आखूड, तोंड गोड, साडूकडे नाही. बीगल इंग्लंडात टोळीने सशाचा माग काढण्यासाठी तयार झाला, हे तक्त्यात नव्हतं. टोळी लांब गेली तरी शिकाऱ्याला मागावर राहता यावं इतका त्याचा आवाज खणखणीत, हेही नव्हतं. आखूड केस लांब केसांइतकेच गळतात, फक्त सोफ्यात सुईसारखे रुततात. तो रकाना तर कुणालाच सुचला नाही. आणि एकदा त्याचं नाक जमिनीला लागलं की कान बंद होतात. हाक मारणारा मालक, सोसायटीचा अध्यक्ष, पोलीस आयुक्त, सगळे त्याला सारखेच.

मुलीने नाव ठेवलं मफिन. आजी त्याला मोहन म्हणतात. तो मोहनलाच ओ देतो, कारण मोहन या हाकेला तूप-पोळी असते.

आता कमी कटकटवाल्यांचा दिनक्रम मला गॅलरीतून रोज दिसतो. सकाळी पावणेसहाला खाली. एका हातात पट्टा, दुसऱ्यात कागद आणि पिशवी. पावसाळ्यात छत्री दातांत. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत घरी धाव. महापालिकेचा परवाना काढून झाला, तोही फ्रेम करून. पुतण्याच्या मुंजीला वहिनी मुहूर्ताला गेल्या आणि हे जेवायला. पट्ट्याची अदलाबदल मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये झाली. कोकण रद्द. दिवाळीत फटाक्यांना घाबरतो म्हणून तीन रात्री तो आणि हे दोघेही बाथरूममध्ये, रेडिओ मोठ्याने लावून. एकदा तळमजल्यावर कुणीतरी लिफ्टवरून हटकलं, तर यांनी खिशातून प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना काढल्या, लॅमिनेट केलेल्या, पिवळ्या शाईने अधोरेखित, आणि अनुस्वार ठळक असलेल्या त्या पाटीखाली उभं राहून मोठ्याने वाचून दाखवल्या. पाटी कुणाची, हा विषय कुणी काढला नाही. शेजारधर्म म्हणून मीही नाही.

माणूस मात्र खूष आहे. इतका, की दुसऱ्यांच्या कुत्र्यांची चौकशी त्याने बंदच केली; आता तो फक्त सल्ले देतो. परवा नाशिकहून साडूचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला बसलो होतो. साडूंनाही आता कुत्रा घ्यायचाय, पहिलाच, कमी कटकटीचा.

"मग बीगलच घे," हे सोफ्यावरचे केस एका हाताने गोळा करत सांगत होते. "आमचा बघ ना, काही म्हणजे काही त्रास नाही. भुंकणं तर माहीतच नाही त्याला... काय? नाही नाही, तो नाही तो. इथं खालून ॲम्ब्युलन्स गेली."

ॲम्ब्युलन्स टेबलाखाली होती, आणि तिने माझं बिस्किट पळवलं होतं.