करंगळीच्या माथी

प्रोग्रामरची बोटं अडतात ती डोकं अडल्यामुळे, पण आळ येतो कीबोर्डच्या क्वर्टी मांडणीवर. मग ऑगस्ट ड्वोरॅक यांनी मेहुण्यासह १९३६ साली पेटंट मिळवलेली मांडणी घरी येते. सगळे स्वर डाव्या हाताशी, मधल्या ओळीत. इंग्रजी गद्याला छानच. टर्मिनलवर दिवसभर बडवायचं ‘एलएस’ मात्र दोन्ही अक्षरांसकट उजव्या करंगळीच्या माथी. व्हिममधली एच-जे-के-एल ही शेजारीण चौकडी पांगलेली. कॉपी-पेस्टची सी-व्ही जोडीही परागंदा! कोलमॅक मांडणीच्या कर्त्याने २००६ साली ती जागच्या जागी ठेवली. गिऱ्हाईक मुख्यतः काय टाइप करतं, हे त्याने बरोब्बर ओळखलं होतं. एक फायदा मात्र निर्विवाद: अशा माणसाच्या लॅपटॉपला ऑफिसात दुसरं कुणी हात लावत नाही.